फोनची वीज कुणाची?

कोल्हापुरातल्या ज्या घरांत तांब्याची तार जाऊन फायबर आलं, तिथं आता लाईट गेली की लँडलाईनही जाते. पंखा बंद पडल्याचं कुणाला नवल वाटत नाही, तो पूर्वीही पडायचा. फोन मात्र पडत नव्हता. सगळी पेठ अंधारात असली तरी रिसीव्हर उचलला की डायल टोन ऐकू यायचा, कारण त्या फोनला लागणारी वीज घरातली नव्हतीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग असायची आणि तिथून ४८ व्होल्टचा प्रवाह बोलण्याच्याच दोन तारांतून घरापर्यंत यायचा. वीज लांबली तर एक्स्चेंजचा जनरेटर चालू व्हायचा. ग्राहकाला यातलं काही ठाऊक असण्याची गरज नव्हती. महिन्याच्या भाड्यातच ही वीज मिळत होती, बिलावर तिची वेगळी ओळ नसायची एवढंच.

‘घरात आलेली यंत्रं’ हा विषय संपादकांनी दिल्यावर राउटरच्या पांढऱ्या डब्याकडं नीट बघावंसं वाटलं ते यामुळं. इंटरनेट देणारी वस्तू म्हणून तो घरात आला आणि फारशी वाच्यता न होता टेलिफोन एक्स्चेंजचा शेवटचा तुकडा होऊन बसला. वीज सांभाळणं, यंत्राला योग्य जागा देणं, त्याला कुलूप लावणं ही एक्स्चेंजची कामं टेलिफोन खातं करायचं. ती आता घरच्या माणसाच्या अंगावर पडली आहेत. ती पडली आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. ते सांगितलं पाहिजे, आणि त्यातलं विजेचं काम जोडणी देणाऱ्यानंच परत उचललं पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

खांबावरून खिडकीत

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ अशा जुन्या भागांत फायबर येतं ते बहुधा खांबाखांबावरून, बारीक काळ्या केबलमधून. ती खिडकीच्या चौकटीतून किंवा दाराच्या वरच्या भोकातून आत घेतात आणि मग सगळ्यात नाजूक काम सुरू होतं. बसवणारा मुलगा जमिनीवर बसून केबलचं आवरण सोलतो. आतून निघते ती काच. तिचा प्रकाश वाहणारा गाभा ९ मायक्रॉनचा आणि भोवतालच्या काचेसकट जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहून थोडी जास्त. अल्कोहोल लावलेल्या कागदानं ती पुसायची, कापण्याच्या छोट्या यंत्रात धरून अगदी सरळ कापायची आणि कनेक्टरमध्ये बसवायची. टोपण निळं असेल तर काचेचं टोक सपाट घासलेलं असतं, हिरवं असेल तर आठ अंशांनी तिरकं. निळ्याला हिरवं जोडलं तर दोन टोकं नीट भिडत नाहीत आणि प्रकाश वाटेतच गळतो. शेवटी पॉवर मीटर लावून किती प्रकाश पोचला ते बघतात. उणे वीसच्या आसपास आकडा आला तर काम चोख. उणे सत्तावीसच्या पलीकडं गेला तर आज चाललेली जोडणी पावसाळ्यात रुसणार हे धरून चालायचं. हा आकडा ग्राहकानं विचारून वहीत लिहून ठेवावा. पुढं कधी ‘तुमच्या घरातच प्रॉब्लेम आहे’ असं ऐकावं लागलं तर वाद घालायला हाच आकडा कामी येतो.

डबा चालू झाला की दिवे लागतात. ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर झाला म्हणजे पलीकडच्या यंत्राशी ओळख पटली. ‘लॉस’चा लाल दिवा पेटला म्हणजे प्रकाशच येत नाही, अशा वेळी डबा दहादा बंद-चालू करून काही होत नाही, केबल बघावी लागते. फोनचा दिवा वेगळा असतो, आणि घोटाळा बहुतेक तिथंच होतो. फायबरच्या डब्यातलं इंटरनेट आणि फोन या दोन स्वतंत्र सेवा आहेत. फोनसाठी कंपनीच्या सर्व्हरवर त्या नंबरची नोंदणी व्हावी लागते. त्याचं नाव, पासवर्ड आणि सर्व्हरचा पत्ता डब्यात वेगळा भरावा लागतो. मोबाईलवर व्हिडिओ चालला की घरातले खूश होतात, बसवणारा पुढच्या घरी जातो आणि फोन मुका आहे हे दोन दिवसांनी ध्यानात येतं. डबा बिघडून बदलला तरीही हेच होतं, कारण नव्या डब्यात नेट चालू करण्याची घाई असते आणि फोनची माहिती भरायची राहून जाते.

बाजारातून चार अँटेनांचा भारी राउटर आणणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. त्या राउटरला फायबरचं टोक बसत नाही आणि फोनची पिन लावायचं भोक बहुधा नसतंच. कंपनीचा डबा तसाच ठेवून नवा राउटर त्याच्या मागं जोडायचा आणि फोन मात्र जुन्या डब्यालाच ठेवायचा, हा सरळ मार्ग.

आवाज वेगावर चालत नाही

इंटरनेटवरून फोन म्हटला की लोक प्लॅनचा वेग विचारतात. बोलण्याला वेग जवळपास लागतच नाही. यंत्र आवाजाचे एका सेकंदात पन्नास तुकडे करतं, म्हणजे प्रत्येक तुकडा वीस मिलिसेकंदांचा. नेहमीच्या पद्धतीत एका तुकड्यात आवाजाचे १६० बाइट असतात आणि त्यावर पत्त्याचे ४० बाइट चढतात. हिशेब केला तर एका बाजूच्या बोलण्याला सेकंदाला ८० किलोबिट पुरतात. १०० मेगाबिटच्या जोडणीत हा वाटा हजारात एकाहूनही कमी आहे. तरीही आवाज तुटतो, कारण फोनला लागतो तो नियमितपणा. व्हिडिओ थोडा आधीच भरून ठेवता येतो, बोलणं ठेवता येत नाही. एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला खटकत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. त्यापलीकडं गेलं की दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या बोलण्यावर चढतात, मग दोघंही थांबतात, मग पुन्हा एकदमच बोलतात.

हा उशीर बहुतेकदा घरातच तयार होतो. कुणाच्या तरी मोबाईलमधले लग्नाचे फोटो वर चढत असतात, राउटर त्यांची मोठी रांग लावतो आणि आवाजाचा इवलासा तुकडा त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. कंपनीच्या डब्यातल्या फोनला सहसा वेगळी वाट दिलेली असते, म्हणून तो तगतो. मोबाईलवरच्या किंवा संगणकावरच्या इंटरनेट फोनला ती वाट नाही. त्यासाठी राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम देण्याची सोय चालू करावी लागते. आणखी एक खाचखळगा आहे. बऱ्याच राउटरमध्ये ‘एसआयपी एएलजी’ नावाची सोय आधीपासूनच चालू असते. ती इंटरनेट फोनच्या मदतीला म्हणून केली, पण पत्त्यांत नको तिथं हात घालते. त्यानं पलीकडच्याला आपला आवाज जातो आणि त्याचा आपल्याला येत नाही, किंवा घंटीच वाजत नाही. वेगळं यंत्र किंवा अॅप लावून इंटरनेट फोन वापरणाऱ्यांनी असा एकतर्फी आवाज आल्यावर आधी ही सोय बंद करून बघावी.

कुलपाचं कामही याच ओघात सांगितलं पाहिजे. राउटरच्या आतल्या पानावर जायचा पासवर्ड कारखान्यातून येतो तोच कित्येक घरांत वर्षानुवर्षं राहतो. फोनची नोंदणी त्याच डब्यात असते. ती कुणाच्या हाती लागली तर आपल्या नंबरवरून परदेशी फोन लावता येतात, आणि अशा फसवणुकी जगभर झालेल्या आहेत. वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना सांगावा, आतल्या पानाचा सांगू नये, आणि तो पहिल्याच दिवशी बदलावा.

जाड भिंतींचं शहर

आता मोबाईलकडं वळू, कारण राउटरवरचा सगळ्यात मोठा भार त्यानंच टाकला आहे. भारतात इंटरनेटवरून नेहमीच्या फोन नंबरला फोन लावण्याची वाट २०१८ साली मोकळी झाली. दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या, पुढच्या वर्षी परवान्यांच्या अटी बदलल्या आणि जुलै २०१८ मध्ये बीएसएनएलनं ‘विंग्ज’ ही सेवा जाहीर केली. २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलनं आणि २०२० च्या जानेवारीत जिओनं वायफाय कॉलिंग आणलं. आता बहुतेक नव्या हँडसेटमध्ये ते असतं. घरात रेंज कमी झाली की मोबाईल गुपचूप वायफायवर जातो, राउटरमार्फत कंपनीच्या यंत्रापर्यंत कुलूपबंद वाट तयार करतो आणि फोन लागतो. वापरणाऱ्याला वाटतं टॉवरवरून बोलतोय. बोलणं चाललेलं असतं डब्यावरून.

कोल्हापूरच्या जुन्या घरांत ही सोय मोठी आहे. दगड-विटांच्या रुंद भिंती, अरुंद दर्शनी भाग, आत एकामागं एक खोल्या आणि शेवटी स्वयंपाकघर. टॉवरची रेंज माजघरातच दमते. पण फायबर रस्त्याकडून येतं, म्हणून राउटरही रस्त्याकडच्याच खोलीत, बहुधा टीव्हीच्या कपाटात किंवा त्याच्या मागं कोंबलेला. ज्या मागच्या खोलीला वायफाय कॉलिंगची खरी गरज, तिथं वायफायही पोचत नाही. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं. ५ गिगाहर्ट्झची लाट साधारण सहा सेंटिमीटरची, वेग जास्त पण भिंतीत लवकर विरणारी, २.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटिमीटरची, भिंत बरीचशी ओलांडणारी. बोलण्याला वेग लागत नाही हे आपण पाहिलंच, तेव्हा जाड भिंतींच्या घरात फोनसाठी २.४ हीच कामाची. फक्त तिच्यात एकमेकांना न छेदणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. राजारामपुरीतल्या अपार्टमेंटमध्ये वर-खाली-शेजारी सगळे एकाच चॅनेलवर असले तर तिथं भिंतीपेक्षा शेजारच्याचं वायफाय जास्त आडवं येतं, आणि ५ गिगाहर्ट्झ बरं पडतं. म्हणजे पेठेतल्या घराला जे लागू, ते फ्लॅटला नाही. मागच्या खोलीसाठी भिंतीवर लावायचा रिपीटर घेण्यापेक्षा राउटरपासून मागपर्यंत लॅनची वायर नेऊन तिथं दुसरा डबा बसवावा. रिपीटरला येणारं आणि जाणारं दोन्ही हवेतूनच उचलावं लागतं, आणि व्हिडिओ सोसेल तेवढी ओढाताण आवाज सोसत नाही.

पाणी आलं तेव्हा

एवढं सगळं जुळवलं, डबा उंचावर मोकळ्या जागी ठेवला, आवाज स्वच्छ झाला. आणि लाईट गेली. इथं मूळ मुद्द्यावर यावं लागतं, आणि कोल्हापुरात तो पुराशिवाय मांडता येत नाही. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, शहराचा पाणीपुरवठा थांबला, आणि पाणी शिरलेल्या भागांत वीज बंद ठेवावी लागली. ती ठेवणं योग्यच होतं. पाण्यात वीज सोडता येत नाही. पण ज्या तासाला ‘आई-बाबा, वरच्या मजल्यावर गेलात का?’ हे विचारायचं असतं, नेमकं त्याच तासाला राउटर बंद पडलेला असतो.

यातली हळहळ वाटण्यासारखी गोष्ट अशी की फायबरची तार पुराला तांब्यापेक्षा खूप चांगलं तोंड देते. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळं ओलीनं शॉर्ट होत नाही, गंज चढत नाही. कंपनीच्या मोठ्या यंत्रापासून निघालेली एक काच वाटेत प्रकाश वाटून ३२ किंवा ६४ घरांना पुरते, आणि तो वाटणारा तुकडाही निव्वळ काचेचा असतो. त्याला विजेचं कनेक्शनच नाही. वीस किलोमीटरपर्यंतच्या वाटेत कुठंही वीज लागत नाही, लागते ती फक्त दोन टोकांना. एक टोक कंपनीच्या किंवा केबलवाल्याच्या खोलीत, दुसरं तुमच्या टीव्हीच्या कपाटात. मधली सगळी वाट शाबूत असताना फोन मरतो तो तुमच्याकडच्या बारा व्होल्टच्या अडॅप्टरपायी.

हे दुसरीकडंही घडून गेलं आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर शहरात ५ डिसेंबर २०१५ च्या रात्री लून नदीचं पाणी वीज उपकेंद्रात शिरलं आणि साठ हजारांवर घरं अंधारात गेली. रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगनं पुढं त्याचा अभ्यास छापला. बहुतेक मोबाईल टॉवर तासाभरात गेले, घरचं इंटरनेट गेलं, विजेवरचे कॉर्डलेस फोन गेले. चालू राहिले ते तारेवरूनच वीज घेणारे जुने साधे फोन. ते फोन ज्या जुन्या टेलिफोन जाळ्यावर चालले, ते आता ब्रिटनमध्ये जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलं आहे.

आक्षेप

पहिलं उत्तर ठरलेलं असतं: मोबाईल आहे की सगळ्यांकडं. आहे. पण टॉवरही बॅटरी आणि डिझेलवर तगून असतो, आणि रस्ते पाण्याखाली असताना डिझेल पोचवणं सोपं नसतं. शिवाय आत्ताच पाहिलं तसं, जाड भिंतींच्या घरात मोबाईल राउटरवरच टेकलेला आहे. आणि लँडलाईन अजून ठेवणारी माणसं कोण? बहुतेक वयस्कर, ज्यांची मुलं पुण्याला, बेंगळुरूला किंवा परदेशात आहेत. त्यांच्या हाताला रिसीव्हरच्या डबड्याची सवय आहे. ‘मोबाईल वापरा’ हे उत्तर त्यांना देऊन भागत नाही.

दुसरं उत्तर, इन्व्हर्टर आहे ना. तोही आहे, पण टीव्हीच्या कपाटामागचा प्लग पॉइंट इन्व्हर्टरच्या वायरिंगवर असतोच असं नाही. पंखे आणि ट्यूब घेतलेल्या असतात, प्लग सोडलेले असतात. प्लग घेतलेला असला तरी इन्व्हर्टर साध्या मोडवर असेल तर लाईट जाताना क्षणभर खंड पडतो, राउटर पुन्हा सुरू होतो, प्रकाश पकडतो, मग फोनची नोंदणी करतो. यात दोन-तीन मिनिटं जातात आणि चालू असलेला फोन तुटतोच. इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवला की हा खंड सहसा टळतो. खरं तर राउटरइतकी कमी वीज खाणारी वस्तू घरात क्वचितच असेल. आठ-दहा वॉटचा मामला. हजार-दीड हजारांच्या आसपास मिळणारा छोटा डीसी यूपीएस, तीसेक वॉट-तासांचा, त्याला तीनेक तास चालवतो. घरच्या १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत अठराशे वॉट-तास असतात. पंखे बंद ठेवून फक्त राउटर लावला तर इन्व्हर्टरनं स्वतः खाल्लेली वीज धरूनही दोन दिवस निघतात.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. तांब्याचा फोन काही एवढा भरवशाचा नव्हता, हे खरंच. पावसाळ्यात सांध्यांत ओल शिरून घरघर सुरू व्हायची, रस्त्यावरच्या पेट्यांत पाणी गेलं की गल्लीच्या गल्ली बंद, केबल चोरीला जायची, तक्रार नोंदवून आठवडे जायचे. तो परत आणा असं कुणी म्हणत असेल तर ते चुकीचं आहे, आणि मी ते म्हणत नाही. तारेच्या बाबतीत फायबर निर्विवाद सरस आहे. पण जुन्या व्यवस्थेत फोन चालू ठेवायची जबाबदारी कुणाची याबद्दल शंका नव्हती. नव्या व्यवस्थेत तार चांगली आली आणि जबाबदारी कागदावरून गळाली.

कुणी काय करायचं

अमेरिकेत हा प्रश्न २०१५ साली नियमात आला. घरच्या विजेवर चालणारा फोन देणाऱ्या कंपनीनं ग्राहकाला आठ तासांचा बॅकअप विकत घेण्याचा पर्याय दिलाच पाहिजे, लाईट गेल्यावर काय बंद पडेल हे सांगितलंच पाहिजे, असं दूरसंचार आयोगानं ठरवलं. २०१९ पासून चोवीस तासांचा पर्यायही द्यायला लावला. ब्रिटनमध्ये तिथल्या दूरसंचार नियामकानं, ऑफकॉमनं, २०१८ मध्ये मार्गदर्शन दिलं, की ज्यांचा सगळा भरवसा लँडलाईनवरच आहे त्यांना निदान एक तास आपत्कालीन फोन करता येईल अशी सोय कंपनीनं मोफत द्यावी. एक तास पुरासाठी काहीच नाही, पण जबाबदारी कुणाची याचं उत्तर त्यात आहे. आपल्याकडं ट्रायच्या २०१७ च्या शिफारशींत इंटरनेट टेलिफोनीवरून आपत्कालीन क्रमांक लावता यावेत याला प्रोत्साहन दिलं, सक्ती मात्र सुचवली नाही. सेवेच्या मर्यादा ग्राहकाला सांगाव्यात एवढं म्हटलं. जोडणी घेताना या मर्यादा कुणी समजावून सांगतं का, हे वाचकांनी स्वतःच्या जोडणीपुरतं आठवून बघावं.

सगळा खर्च कंपनीवर टाकला तर जोडण्या महागतील, अशी भीती घालतील. सरसकट टाकायची गरज नाही. फोनचा वापर न करणाऱ्याला बॅकअप नको असेल तर तसं त्यानं अर्जावर लिहून द्यावं. फोन घेणाऱ्याच्या जोडणीत मात्र डब्यासोबत छोटा यूपीएस यायलाच हवा, जसा अडॅप्टर येतो. घाऊक घेतल्यावर त्याची किंमतही उतरेल. पूररेषेत येणाऱ्या वस्त्या तर जिल्हा प्रशासनाला नकाशावर ठाऊक आहेत. चिखली, आंबेवाडी, नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि शहरातल्या नदीकाठच्या गल्ल्या, इथल्या जोडण्यांना बॅकअप आधी मिळावा. दुसऱ्या टोकाचंही विचारलं पाहिजे. केबलवाल्याचं यंत्र तळमजल्याच्या खोलीत आहे की वर, त्याला किती तासांची बॅटरी आहे, हे आपत्ती व्यवस्थापनाच्या पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत बोटी आणि लाइफ जॅकेटांच्या बरोबरीनं मोजलं जावं. घरच्या राउटरला यूपीएस लावून पलीकडचा डबा पाण्यात असेल तर उपयोग शून्य.

घरापुरतं बोलायचं तर फोन बसवून झाल्यावर सही करण्याआधी मेन स्विच खाली पाडायला सांगावं आणि त्या अंधारात बसवणाऱ्याला लँडलाईनवरून त्याच्याच मोबाईलवर फोन लावायला सांगावं. घंटी वाजली तर सही. नाही वाजली, तर राहिलेलं काम काय ते अर्जाच्या पाठीमागं त्याच्याच अक्षरात लिहून घ्यावं, तारखेसकट.